निळ्या-हिरव्या माश्या पाळताना: साखर, प्रथिन आणि अळीचे अन्न

मेलेल्या प्राण्यावर सहसा सर्वांत आधी पोचते ती धातूसारखी चमकणारी निळी किंवा हिरवी माशी. ही ब्लो फ्लाय, कॅलिफोरिडी कुळातली. तिचे खाणे खरोखर समजून घ्यायचे असेल तर तिची एक पूर्ण पिढी पिंजऱ्यात वाढवून पाहावी. जागा टेबलाएवढी लागते, आणि तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस राखले तर अंड्यापासून माशीपर्यंतचा प्रवास साधारण दोन आठवड्यांत पुरा होतो. कांदा, गाजर यांसारख्या पिकांच्या बीजोत्पादनात जाळीखाली परागीभवनासाठी याच माश्या सोडतात, आणि मृत्यूला किती काळ लोटला हे ठरवताना न्यायवैद्यक तज्ज्ञ याच माश्यांच्या अळ्या पाहतात. दोन्ही कामांच्या मुळाशी तिची खाण्याची सवयच आहे.

पाळणी बहुतेक वेळा एकाच समजुतीमुळे फसते: ही मांसावरची माशी आहे, तेव्हा मांस दिले की झाले. तसे नाही. प्रौढ माशी जगते आणि उडते साखरेवर. मादीची अंडी भरतात प्रथिनावर. अळी वाढते ओल्या मांसावर, तीही घोळक्याने. हे तीन आहार वेगवेगळे, वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या जागी द्यायचे असतात. पुढची सगळी कृती याच एका गोष्टीभोवती फिरते.

कोणती माशी घ्यावी

सुरुवातीला ल्युसिलिया सेरिकाटा ही हिरवी माशी सर्वांत सोयीची. पाठ आणि पोट सारखेच हिरवे किंवा तांबूस हिरवे चमकते, त्यावर ठळक पट्टे नसतात. उन्हातल्या उघड्या जागा तिला आवडतात. कॅलिफोरा व्हिसिना ही निळी माशी मोठी, केसाळ, गालांचा पुढचा भाग नारिंगी; ती थंड हवेची आणि सावलीची, त्यामुळे तिला २० ते २२ अंश जास्त मानवतात. क्रायसोमाया मेगासेफाला निळसर हिरवी, डोळे मोठे आणि तांबडे, पोटावर गडद आडव्या कडा. ती उष्ण प्रदेशांत भरपूर सापडते आणि पिंजऱ्यातही चांगली रुळते.

दोन माश्या टाळाव्यात. क्रायसोमाया रुफिफेसिसच्या अळ्यांच्या अंगावर मांसल काटे असतात आणि थोड्या मोठ्या झाल्या की त्या दुसऱ्या जातींच्या अळ्या खातात. मिश्र अंडी एकाच डब्यात ठेवली तर शेवटी याच उरतात. आणि क्रायसोमाया बेझियाना, जी जिवंत प्राण्याच्या जखमेत अंडी घालते आणि जिच्या अळ्या जिवंत मांस खातात. ती मेगासेफालासारखी दिसते. म्हणून जिवंत जनावराच्या जखमेतून अळ्या किंवा अंडी कधीही पाळायला आणू नयेत. अशी जखम दिसली तर ते काम पशुवैद्याचे.

राखाडी अंगाची, पाठीवर तीन काळ्या रेघा आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकट असलेली माशी ब्लो फ्लाय नाही. ती सार्कोफॅगिडी कुळातली, अंड्यांऐवजी जिवंत पिल्ले टाकणारी. सापळ्यात तीही येते, वेगळी काढावी.

माश्या पकडणे

सापळ्यासाठी रुंद तोंडाची पारदर्शक बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवा म्हणजे नरसाळे तयार होते. त्याचे भोक दीड ते दोन सेंटिमीटरचे असावे. आत ५० ते १०० ग्रॅम कलेजी, दुहेरी मलमलीत बांधून. मलमल यासाठी की माश्यांना वास मिळावा पण अंडी घालायला पृष्ठभाग मिळू नये. जंगली अंडी मिश्र जातींची असतात, आणि त्यांच्यापासून सुरुवात केली तर पुढे काय वाढले हे ओळखता येत नाही.

अगदी ताज्या कलेजीवर माश्या कमी येतात. झाकलेल्या भांड्यात खोलीच्या तापमानाला एक दिवस ठेवलेली कलेजी चांगली खेचते, कारण जिवाणूंनी प्रथिने फोडायला सुरुवात केल्यावर त्यातून डायमिथाइल डायसल्फाइड, डायमिथाइल ट्रायसल्फाइड यांसारखी गंधकयुक्त संयुगे सुटतात. माशी दुरून या वासांवर येते. सडक्या मांसाच्या वासाची फुले, उदाहरणार्थ सुरणाच्या वंशातला टायटन अरम किंवा स्टॅपेलिया, हेच वायू सोडून तिला फसवतात आणि परागीभवन करून घेतात. कलेजी वाळून कडक झाली की वास थांबतो. तेव्हा रोज थोडे पाणी शिंपडा.

दुपारी ऊन उतरू लागल्यावर सापळा लावा, अंधार पडण्यापूर्वी काढा. बाटली फ्रीजमध्ये ४ अंशांना ८ ते १० मिनिटे ठेवली की माश्या निपचित पडतात आणि चिमट्याने निवडता येतात. त्याहून फार जास्त वेळ ठेवू नका. फ्रीज खाण्याच्या पदार्थांचा नसावा.

याच वेळी नर-मादी ओळखून घ्या. नराचे दोन्ही डोळे डोक्याच्या माथ्यावर जवळजवळ टेकलेले असतात, मादीच्या डोळ्यांमध्ये रुंद पट्टी असते. सापळ्यात माद्या बऱ्याच जास्त सापडतात, कारण मांसाची ओढ त्यांनाच अधिक. त्या बहुधा आधीच समागम झालेल्या असतात, त्यामुळे पहिल्या पिढीत नर थोडे असले तरी चालते.

पिंजरा

३० सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीचा चौकोनी पिंजरा १०० ते १५० माश्यांना पुरतो. चौकट लाकडी किंवा प्लास्टिकची, तीन बाजूंना बारीक जाळी, एका बाजूला पारदर्शक पत्रा आणि समोर कापडाची लांब बाही, जिच्यातून हात आत घालता येतो आणि एरवी गाठ मारून ठेवता येते. साध्या मच्छरदाणीची जाळी माश्यांना अडवते, पण परजीवी गांधीलमाशीला नाही. तिच्याबद्दल पुढे आहे. जमेल तिथे मलमल किंवा त्याहून बारीक विणीचे कापड वापरा.

तापमान २५ ते २७ अंश, आर्द्रता ५० ते ६० टक्के. दिव्याला टायमर लावून १६ तास उजेड आणि ८ तास अंधार द्या. उजेडाचे गणित बरेच जण सोडून देतात आणि मग अळ्या कोषात का जात नाहीत याचे कोडे पडते. दिवस लहान आणि हवा गार झाली की ल्युसिलिया व कॅलिफोरा यांच्या अळ्या पोट भरल्यावर कोष न करता आठवडेच्या आठवडे सुप्त पडून राहतात. कॅलिफोरा व्हिसिनामध्ये तर हा संदेश आईच अंड्यांमधून देते: मादीने लहान दिवस पाहिलेले असतील तर तिची पिल्ले सुप्तावस्थेत जातात. म्हणजे उजेड केवळ अळ्यांच्या डब्यावर नाही, माश्यांच्या पिंजऱ्यावरही सांभाळायचा.

प्रौढ माशीचे ताट

पिंजऱ्यात पहिल्या दिवसापासून दोन गोष्टी कायम असाव्यात, कोरडी साखर आणि पाणी. साखर एका उथळ झाकणात २० ते ३० ग्रॅम. माशीला चावता येत नाही. ती सोंडेतून लाळ सोडते, साखर विरघळवते आणि ते द्रव वर ओढते. सोंडेच्या टोकाला दोन मऊ पाळ्या असतात, त्यांवर बारीक खोबणी असतात, आणि द्रव त्यांतून शोषले जाते. साखरेचा पाक देण्यापेक्षा कोरडी साखर बरी, कारण पाकात माश्यांचे पाय व पंख चिकटतात आणि दोन दिवसांत तो आंबतो.

पाणी उघड्या वाटीत ठेवू नका, माश्या बुडतात. छोट्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून कापसाची जाड वात बाहेर काढा किंवा वाटीत पाण्याने भिजलेला स्पंज ठेवा. वात दर दोन-तीन दिवसांनी बदला; तिच्यावर बुळबुळीत थर साचला की माश्या तोंड लावत नाहीत. कोरडी साखर देऊन पाणी संपू दिले तर एक-दोन दिवसांत पिंजरा रिकामा होतो. उपासमारीपेक्षा तहानेने माश्या फार लवकर मरतात.

प्रथिन वेगळे. कोषातून निघालेल्या मादीच्या अंडाशयात अंडी असतात पण भरलेली नसतात. अंड्यात पिवळा बलक साठवायला बाहेरून प्रथिन मिळावेच लागते. केवळ साखरेवर मादी आठवडेच्या आठवडे मजेत जगते आणि एकही अंडे घालत नाही. निसर्गात हे प्रथिन तिला मृत प्राणी, शेण, विष्ठा यांतून मिळते. फुलांवर ती येते ती मुख्यतः मकरंदासाठी. एकाच माशीचे आज विष्ठेवर आणि उद्या फुलावर दिसणे याचा अर्थ एवढाच. तिच्यापासून रोगजंतूंचा धोका का असतो, तेही यातच आले.

कोषातून बाहेर आल्यावर दुसऱ्या दिवसापासून सलग चार दिवस रोज १० ते १५ ग्रॅम ताज्या कलेजीचे पातळ काप आणि त्यातून निघालेले रक्त छोट्या ताटलीत ठेवा, ५ ते ६ तासांनी काढून टाका. इतक्या तासांत माद्या पोटभर घेतात आणि कापांवर अंडी घालण्याइतक्या तयारीच्या त्या अजून नसतात. काप रात्रभर ठेवले तर वाळतात, त्यांवर इतर किडे येतात. दुधाची पावडर आणि साखर समप्रमाणात मिसळूनही प्रथिन देता येते, स्वच्छही राहते, पण कलेजीवर माद्यांची अंडी जास्त भरवशाने भरतात. प्रथिन अपुरे पडले तर अंड्यांचा पुंज लहान निघतो किंवा निघतच नाही.

मादीला ही ओढ कधी असते हे मोजून पाहण्यासारखे आहे. पिंजऱ्यात सारख्या अंतरावर दोन झाकणे ठेवा, एकात दहा टक्के साखरेचे पाणी, दुसऱ्यात कलेजीचे रक्त, दोन्हींत कापूस भिजवलेला. दर दहा मिनिटांनी प्रत्येक झाकणावर किती नर आणि किती माद्या आहेत ते तासभर लिहा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माद्या रक्ताच्या झाकणावर दाटी करतात. अंडी भरली की त्या तिकडून हटतात, अंडी घातल्यावर परत येतात. नरांची ओढ साखरेकडेच राहते.

पायाने चव

माशी चव पायाने घेते. पायाच्या शेवटच्या पेरांवर चवीचे केस असतात, आणि त्यांना साखर लागताच सोंड आपोआप बाहेर येते. व्हिन्सेंट डेथियर या अमेरिकी शास्त्रज्ञाने फोर्मिया रेजिना या ब्लो फ्लायवर वर्षानुवर्षे हेच पाहिले आणि भुकेचे शरीरशास्त्र उलगडले. हा प्रयोग टेबलावर सहज जमतो, मात्र एक पायरी चुकली की सगळे निकाल खोटे ठरतात.

माश्यांना २४ तास साखर देऊ नका, पाणी मात्र ठेवा. मग गार करून एकेक माशी लाकडी काडीच्या टोकावर पाठीच्या बाजूने कोमट, नुकत्याच वितळलेल्या मेणाच्या थेंबाने चिकटवा. पाय मोकळे आणि खाली लोंबते असावेत. अर्धा तास सावरू द्या. आता तिचे पाय स्वच्छ पाण्याला लावा. सोंड बाहेर आली तर ती तहानलेली आहे: तिला पोट भरेपर्यंत पाणी पिऊ द्या आणि पाण्याला सोंड काढणे थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा पाजा. हीच ती पायरी. तहानलेली माशी कुठल्याही ओल्या गोष्टीला सोंड काढते आणि पाहणाऱ्याला वाटते की तिला अगदी पातळ साखरही कळली.

द्रावणे अशी करा: ३४.२ ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून एकूण १०० मिलिलिटर केले की १ मोलर. त्यातले १० मिलिलिटर घेऊन १०० केले की ०.१ मोलर, पुन्हा तसेच केले की ०.०१. पातळ द्रावणापासून वर जा, उलटे नको. गोड चाखल्यावर काही वेळ प्रतिसाद बदललेला असतो. दोन द्रावणांच्या मध्ये पाय पाण्यात धुवा आणि दोन-तीन मिनिटे थांबा. सोंड आली की लगेच पाय बाजूला करा, प्यायला देऊ नका. भुकेली माशी फार पातळ द्रावणालाही सोंड काढते, पोट भरलेली माशी दाट द्रावणालाही ढिम्म राहते. केसातली चवपेशी बदलत नाही. फरक पडतो तो आतून: पोटात साखर साठवणारी अन्नपिशवी असते, तिथून थोडी थोडी साखर पुढच्या आतड्यात सुटते. आतड्याच्या पुढच्या भागाचा ताण एका चेतातंतूने मेंदूला कळतो आणि खाणे थांबते. डेथियर आणि बोडेनस्टाइन यांनी १९५८ मध्ये दाखवले की हा तंतू कापला तर माशी थांबतच नाही आणि पोट प्रचंड फुगेपर्यंत पीत राहते.

अन्नपिशवी पाहायची असेल तर साखरेच्या पाण्यात खाण्याचा निळा रंग मिसळा. प्यायल्यावर थोड्याच वेळात पोटाच्या खालच्या बाजूला, पुढच्या भागात निळा डाग दिसतो. पिंजऱ्यात पांढरा कार्ड ठेवला तर त्यावर माशी ओकून टाकते त्या थेंबांचे निळे ठिपकेही मिळतात. स्वस्थ बसलेली माशी सोंडेच्या टोकाशी थेंब बाहेर काढते आणि परत आत घेते, तेही नजरेस पडेल. त्या थेंबातले पाणी उडते, अन्न दाट होते आणि अंगही गार होते.

अंडी घ्यायची कशी

प्रथिनाचे चार दिवस झाल्यावर दोन-तीन दिवस फक्त साखर आणि पाणी. सातव्या-आठव्या दिवशी अंड्यांसाठी मांस ठेवा: ५० ग्रॅम कलेजीचा जाड तुकडा, वर चाकूने पाऊण सेंटिमीटर खोल दोन-तीन चिरा, वरून ओल्या कागदी रुमालाने अर्धा झाकलेला. माद्या उघड्या सपाट भागावर अंडी घालत नाहीत. त्यांना ओल्या, अंधाऱ्या फटी हव्या असतात. मृत प्राण्यावर त्या तोंड, नाकपुड्या, डोळ्यांचे कोपरे आणि जखमा शोधतात. कारण नुकत्याच निघालेल्या अळीचे तोंडातले आकडे इतके नाजूक असतात की तिला जाड कातडी फाडता येत नाही, आणि कोरड्या हवेत अंडी सुकून मरतात.

मांस सकाळी ठेवा. दिवसाउजेडीच अंडी घातली जातात. अंधारात सहसा नाही. एका मादीने सुरुवात केली की दुसऱ्या तिथेच जमतात, तेव्हा पिवळसर पांढरे मोठे पुंज दिसतात. एका मादीच्या एका खेपेत साधारण १५० ते २०० अंडी, प्रत्येक सव्वा-दीड मिलिमीटर लांब. चार-पाच तासांनी मांस बाहेर काढा. जास्त वेळ ठेवले तर अळ्यांची वये वेगवेगळी होतात आणि पुढे काहीच नीट मोजता येत नाही.

काहीच घातले नाही तर आधी मांस बदलू नका, एका मादीचे पोट पाहा. पोट फुगलेले, बाजूच्या पडद्यातून पांढरे दिसत असेल तर अंडी तयार आहेत आणि दोष मांसात, ओलाव्यात किंवा उजेडात आहे. पोट चपटे असेल तर प्रथिन कमी पडले. पुन्हा तीन दिवस कलेजी द्या.

अळ्यांचा डबा

इथेच सर्वाधिक नुकसान होते, म्हणून सावकाश.

पाच ते सात लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या. झाकणाला मोठे भोक पाडून त्यावर मलमल चिकटवा. तळाशी ४ ते ५ सेंटिमीटर कोरडा लाकडाचा भुसा. त्यावर छोट्या उथळ भांड्यात मांस, आणि मांसावर मऊ ओल्या कुंचल्याने उचललेला अंड्यांचा पुंज. २५ अंशांना अंडी १४ ते २० तासांत फुटतात. तोपर्यंत मांसावर ओला कागदी रुमाल असू द्या.

मांसाचे माप प्रत्येक अळीमागे १ ग्रॅम. पूर्ण वाढलेल्या ल्युसिलियाच्या अळीचे वजन ५० ते ६० मिलिग्रॅमच्या आसपास असते, तेव्हा हे माप उधळपट्टीचे वाटेल. पण बरेचसे मांस द्रव होऊन वाहते, बरेच सुकते आणि जिवाणूंच्या वाट्याला जाते. माप निम्म्यावर आणले तरी अळ्या जगतात, पण माश्या लहान निघतात, आणि लहान मादी कमी अंडी घालते. चौथाईवर आणले तर अळ्या अर्धपोटीच मांस सोडून भटकू लागतात. सगळे मांस एकदम देऊ नका. पहिल्या दिवशी एकतृतीयांश, दुसऱ्या दिवशी एकतृतीयांश, उरलेले तिसऱ्या दिवशी. जाड ठोकळा द्या. पातळ काप अळ्या मोठ्या होण्याआधीच वाळतात.

अळी चावून गिळत नाही. तोंडातल्या दोन आकड्यांनी ती मांस ओरखडते, लाळेतून आणि विष्ठेतून पाचक रस सोडते, मांस बाहेरच विरघळते आणि मग ते सूप ती गिळते. सोबत अमोनिया सुटतो, त्यामुळे मांस किंचित अल्कधर्मी होते, आणि प्रथिने फोडणारे तिचे रस अशाच माध्यमात जोरात चालतात. एकट्या अळीचा रस विखुरतो; शेकडो अळ्यांचा एकत्र साचतो. म्हणून ५०० ग्रॅम मांसावर वीसच अळ्या सोडल्या तर त्यांना अन्न भरपूर मिळूनही वाढ रेंगाळते आणि मांस आधी जिवाणूंच्या व बुरशीच्या ताब्यात जाते. डब्यात २०० ते ३०० अळ्या हे योग्य प्रमाण.

घोळक्याची दुसरी बाजू उष्णता. मोठ्या घोळक्याचे तापमान आजूबाजूच्या हवेपेक्षा १० ते २० अंशांनी वर जाऊ शकते. दोन-तीनशे अळ्यांत हा फरक थोडा, हजारोंत मोठा. म्हणून एकाच डब्यात हजारो अळ्या घालू नका आणि थर्मामीटर हवेत टांगण्याबरोबर घोळक्यातही खुपसून पाहा. खोली २७ अंश असताना घोळका ४० अंशांपर्यंत गेला तर वाढीच्या दिवसांचे कुठलेही गणित लागू राहत नाही. न्यायवैद्यक हिशेबात ही चूक थेट मृत्यूच्या वेळेत चूक होऊन उमटते.

अळ्या मांसात डोके खाली आणि शेपूट वर असे उभे राहतात, कारण श्वास घेणारी मुख्य भोके शेपटाच्या टोकाला असतात. यावरून दोन गोष्टी. मांस पूर्ण द्रवात बुडाले तर त्या खाणे सोडून कडेला चढतात. द्रव साचला की भांडे तिरके करून काढून टाका आणि खाली कोरडा भुसा घाला. दुसरे, अळी कात टाकत तीन अवस्थांतून वाढते, आणि याच भोकांवरून तिची अवस्था, म्हणजे वय कळते. दहा-वीस पट भिंगाखाली शेपटाच्या दोन चकत्यांवर फटी मोजा: प्रत्येकीवर दोन फटी असतील तर दुसरी अवस्था, तीन असतील तर तिसरी. २५ अंशांना पहिली आणि दुसरी अवस्था प्रत्येकी जेमतेम एक दिवसाची, तिसरीत खाणे दोन-अडीच दिवस चालते. निघताना अळी २ मिलिमीटरच्या आत असते, शेवटी १२ ते १५.

पारदर्शक कातडीतून पुढच्या भागात काळपट तांबडी अन्नपिशवी दिसते तोवर अळी खाते आहे. ती पिशवी आक्रसून नाहीशी झाली की खाणे संपले. आता मांस घातले तर वाया.

नमुने जपायचे असतील तर अळ्या आधी ८० अंशांहून गरम पाण्यात ३० सेकंद बुडवा, मग ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. जिवंत अळी थेट अल्कोहोलमध्ये टाकली तर ती आक्रसते, काळी पडते आणि लांबी मोजण्याच्या कामाची राहत नाही.

भटकंती आणि कोष

पोट भरलेली अळी उजेडापासून दूर, कोरड्या अंधाऱ्या जागी निघून जाते. या भटकंतीत पळून जाणे फार होते, आणि कारण जवळजवळ नेहमी ओलावा. कोरड्या गुळगुळीत प्लास्टिकवर अळीला चढता येत नाही, ओल्या भिंतीवर ती झाकणापर्यंत सरळ चढते. डब्याच्या आत बाष्प जमलेले दिसले की झाकणाची मलमल वाढवा आणि भिंती कोरड्या पुसा. कापडाची कडाही घट्ट बांधलेली हवी; नुकत्याच निघालेल्या अळ्या साध्या जाळीतून आरामात बाहेर पडतात.

दोन-चार दिवसांत अळ्या भुशात आखडतात आणि पांढरे कोष दिसू लागतात. पांढऱ्या कोषाला हात लावू नका, तो मऊ असतो आणि वाकडा होतो. चोवीस तासांत तो तांबूस आणि मग गडद तपकिरी होतो. तेव्हा भुसा दोन मिलिमीटरच्या चाळणीने चाळा, कोष कोरड्या ताटलीत एका थरात पसरा आणि नव्या पिंजऱ्यात ठेवा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका. सहा-सात दिवसांत माश्या निघतात. माशी डोक्याच्या पुढच्या भागातून फुगा बाहेर काढून कोषाचे टोपण ढकलते. निघाल्यावर ती राखाडी, पंख चुरगळलेले. रंग आणि पंख नीट व्हायला काही तास लागतात, तोपर्यंत पिंजरा हलवू नका.

दहातल्या आठ-नऊ कोषांतून माश्या निघायला हव्यात. कमी निघाल्या तर रिकामे कोष भिंगाखाली पाहा. टोपण उघडलेले असेल तर माशी निघाली आहे. टाचणीने केल्यासारखे एक-दोन गोल भोक असेल तर नेसोनिया व्हिट्रिपेनिस ही जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरची गांधीलमाशी आत शिरली होती. ती कोषात अंडी घालते, तिची पिल्ले आतली माशी खातात आणि एका कोषातून डझनावारी बाहेर पडतात. ही लागली की त्या तुकडीतले सगळे कोष गोठवून नष्ट करा, पिंजऱ्याची जाळी बदला आणि पुढचे कोष बारीक मलमलीतच ठेवा. न उघडलेला, आतून सुकलेला कोष म्हणजे हवा कोरडी होती. आत मऊ, दुर्गंधीयुक्त द्रव म्हणजे भुसा ओला राहिला.

आणखी एक पाहुणी: तीन मिलिमीटरची, कुबडी, भराभर पळणारी मेगासेलिया स्केलारिस ही माशी. ती झाकणाच्या फटीवरच अंडी घालते आणि तिच्या बारीक अळ्या मोठ्या अळ्यांच्या मांसात मिसळतात. डब्याची कडा चिकटपट्टीने बंद करणे आणि उरलेले मांस त्याच दिवशी काढणे, दोन्ही करावे लागते. मुंग्यांसाठी टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा.

हाताळणी आणि सफाई

सगळी कामे हातमोजे घालून, स्वयंपाकघरापासून दूर आणि खिडकी उघडी असलेल्या खोलीत. अमोनियाने डोळे चुरचुरले तर मांस जास्त झाले आहे. रिकामे कोष आणि भुशाची धूळ उडते आणि काहींना दमा किंवा शिंका होतात, म्हणून चाळताना मास्क वापरा. घरी वाढवलेली अळी कोणत्याही जखमेवर कधीही ठेवू नका. अळी-उपचारासाठी, म्हणजे जखमेतले मेलेले मांस अळ्यांकडून साफ करून घेण्यासाठी, वापरतात त्या अळ्या निर्जंतुक केलेल्या अंड्यांपासून नियंत्रित पद्धतीने वाढवलेल्या असतात. अमेरिकेत औषध प्रशासनाने २००४ मध्ये परवानगी दिली ती अशाच अळ्यांना.

पाळलेल्या माश्या बाहेर सोडू नयेत, विशेषतः दुसऱ्या प्रदेशातून आणलेल्या जाती. नको असलेल्या माश्या, अळ्या, कोष आणि शिल्लक मांस जाड पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांना ४८ तास ठेवा, मग कचऱ्यात टाका. डबे गरम साबणाच्या पाण्याने धुवून उन्हात पूर्ण वाळवा. नव्या पिढीसाठी माश्या ठेवताना दर चार-पाच पिढ्यांनी सापळ्यातून आणलेल्या १५-२० नव्या माश्या मिसळा, त्यांना आधी आठवडाभर वेगळ्या पिंजऱ्यात ठेवून. त्या काळात त्यांनी घातलेली अंडी वाढवून जात कोणती ते तपासून घ्या.